हिराजीची उघाडी

मीराने मागच्या पत्रात विचारलं होतं की, आपण खातो तो तांदूळ झाडाला लागतो की बटाट्यासारखा जमिनीखाली येतो. त्याखाली नंदूने आपल्या मोठ्या अक्षरात उत्तर लिहिलं होतं, "दुकानात येतो." दोघांचंही समाधान करावं म्हणून मी भाद्रपदात एक प्रवास केला. प्रवास कसला, ठाण्याच्या आपल्या घरापासून एस.टी.ने दीड तास आणि पुढे थोडं पायी. परत येऊन आता तीन आठवडे होत आले. मी दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद फाडला. जे घडलं ते गाळून नुसतं शेताचं वर्णन लिहिलं असतं तर तुम्हाला आवडलंही असतं. पण शाळेत मुलींच्या निबंधात असलं वर्णन दिसलं की मी त्याखाली लाल रेघ ओढत असे. तेव्हा आता सगळं क्रमाने लिहिते.

आधी कमळीबाईची ओळख करून देते. गेली अकरा वर्षं ती डोक्यावर पाटी घेऊन आपल्या दारात येते. पावसाळ्यात शिराळी आणि काकड्या, थंडी सरता सरता वाल आणि दिवाळीच्या सुमाराला नवा तांदूळ. तांदूळ तांबूस, जाडसर. त्याला ते लोक राता म्हणतात. खाडीच्या काठच्या जमिनीतच तो येतो. कमळीबाई यायच्या आधी मी तो बाजारातून आणत असे; त्याची पेज तुमच्या बाबाने लहानपणी वाट्या वाट्या प्यायली आहे. तुम्ही दिवाळीला येणार हे कळल्यावर मी कमळीबाईला सांगितलं. ती पायरीवर बसून पाणी पीत होती. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "मग बाई, एक खाचर तुमच्याच नावानं लावते. त्यातला दाना दुसऱ्या कुनाला देनार नाय."

खाचर म्हणजे चारी बाजूंनी बांध घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. अजून नांगरही लागला नव्हता, तेव्हाच मी त्या तुकड्याचं पीक विकत घेतलं. पावसाळाभर मनाशी म्हणत होते, आपलं एक शेत आहे. ते पाहायला गेलंच पाहिजे असं ठरवून मी तिच्या गावी पोस्टकार्ड टाकलं: अनंत चतुर्दशी झाली की शनिवारी येते, रविवारी दुपारच्या गाडीने परत. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली आहेत. मला कुठलाही दिवस चालला असता. पण शाळेत इतकी वर्षं काढल्यावर शनिवार-रविवारखेरीज माणूस प्रवास करतो हे सुचतच नाही. शनिवारी पौर्णिमा आहे हे मला माहीत होतं. पौर्णिमेच्या मागोमाग खाडीकाठी काय येतं, ते माहीत नव्हतं.

शनिवार

बेलापूरच्या रस्त्याला डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला खाडी अशी सोबत असते. डोंगराच्या बाजूला हल्ली कारखान्यांची कुंपणं उठू लागली आहेत. खाडीच्या बाजूला मात्र हिरवं भात, त्यापलीकडे मिठागरं आणि मग पाणी. नेरूळ सोडल्यावर एका वडाखाली मी उतरले. कमळीबाई उभीच होती. तिने माझी पिशवी न विचारता डोक्यावर ठेवली आणि चालू लागली.

वाट शेताच्या बांधावरून होती आणि रात्री पाऊस झालेला होता. ती अनवाणी, मी चपला घालून. दहाव्या पावलाला माझी डावी चप्पल चिखलाने गिळली, ती काढायला वाकले तर छत्री गेली आणि छत्री धरायला गेले तर मीच खाचरात बसले. कमळीबाई मागे वळली.

"बाई, शाळेत पोरींना चालायला शिकवत नव्हत्या काय?"

"भूगोल शिकवत होते," मी म्हटलं.

"मग बरोबर," ती म्हणाली आणि मला हाताला धरून उठवताना इतकी हसली की पिशवी पडता पडता राहिली.

घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, पुढे मोठी ओटी. ओटीवर तिची सासू बसली होती. तिला सगळं गाव आये म्हणतं, म्हणून मीही म्हणू लागले. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठी असेल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझा आवाज ऐकून तिने हात पुढे केला आणि माझं मनगट चाचपलं.

"तू ती मास्तरीन. तुझं कार्ड गुरुजींनी वाचून दावलं."

"मग उत्तर का नाही पाठवलंत? मी वाट पाहत होते."

"येते म्हनल्यावर उत्तर कसलं? येऊ नको असं कोन लिवतं?"

आपल्याकडे मात्र लिहितात. "या आठवड्यात सोयीचं नाही, पुढच्या आठवड्यात या" असं मी स्वतः किती जणांना लिहिलं आहे. त्यांच्या घरी पाहुण्याला दिवस बदलायला सांगत नाहीत. त्यांचं हे बोलणं मला तेव्हा फार गोड वाटलं आणि मी ते वहीत टिपून ठेवलं.

दुपारी चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. चिंबोरी म्हणजे खाडीतला मोठा खेकडा. मी नांगी फोडायला धडपडत होते, तेव्हा कमळीबाईने ती माझ्या हातातून घेऊन दातांनी फोडून परत दिली. "ह्या रांडा आमचा बांध पोखरतात, म्हनून आमी ह्यांना खातो," ती म्हणाली. आये ओरडली, "पावन्यापुढं शिव्या देतंस!" त्यावर कमळीबाई म्हणाली, "चिंबोरीला देते, पावन्याला थोडीच देते." (नंदू, हा शब्द शाळेत वापरायचा नाही.)

उन्हं उतरल्यावर कमळीबाईचा नवरा हिराजी मला शेत दाखवायला घेऊन गेला. चाळिशीचा, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. गावाच्या आणि खाडीच्या मध्ये मातीचा एक लांबच लांब बांध आहे, पुरुषभर उंच. त्यावर उभं राहिलं की एका हाताला भात आणि दुसऱ्या हाताला चिखल, तिवरांची झुडपं आणि खाडीचं खारं पाणी. सगळं गाव त्या एका बांधावर जगतं. बांधात एका कोपऱ्यावर लाकडी दार बसवलेलं आहे, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला दोराने ते दार वर ओढायचं म्हणजे शेतातलं जास्तीचं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती यायच्या आधी ते खाली सोडायचं म्हणजे खाडी आत येत नाही. रोज दोनदा, पावसाळाभर.

"हे काम कोणाकडे?" मी विचारलं.

"आमच्याकडं," हिराजी म्हणाला. "आज्ज्यापासून. दार आज्ज्यानंच बसवलं." मग जरा थांबून, "गावाचा नारळ नारळी पुनवेला आमच्या हातनं पडतो खाडीत. उघाडीवाल्याचा मान."

आपल्या घराबद्दल एवढं तो दोन दिवसांत पुन्हा बोलला नाही. त्या घराकडे इतरांहून जास्त जमीन नाही की गुरं नाहीत. जे आहे ते हे दार.

मग त्याने मला नियम सांगितला. प्रत्येक घराचा बांधाचा आपापला वाटा ठरलेला. पौर्णिमा-अमावास्येनंतर दोन दिवस दुपारी मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. त्या वेळी प्रत्येक घराने आपल्या वाट्यावर उभं राहायचं. चिंबोरीने पाडलेल्या बिळातून आधी पाण्याची बारीक धार लागते. दिसली की लगेच पेंढा आणि चिखलाचा गोळा आत दाबायचा. पाच मिनिटं उशीर झाला तर बांध फुटतो. त्या फुटण्याला ते खांड म्हणतात. उघाडीचा कोपरा सगळ्यांत नाजूक, म्हणून तिथे दोघं लागतात.

"आणि पाणी शिरलंच तर?"

"तीन पावसाळे जमीन धुवावी लागते. तवर दाना नाय."

माझं खाचर उघाडीच्या लगतच होतं. लोंब्या नुकत्या वाकू लागल्या होत्या. हिराजीने एक दाणा नखाने दाबून दाखवला, आतून पांढरं दूध आलं. अजून महिनाभराने ते घट्ट झालं की तांदूळ. मी त्या खाचराभोवती एक फेरी मारली. मला, खोटं कशाला सांगू, जमीनदार झाल्यासारखं वाटत होतं.

परतताना घराजवळ एक तळं लागलं. तिथे हिराजीने जिताडे पाळले होते. जिताडा हा खाडीचा मासा. पिल्लू असताना आणून गोड्या पाण्यात सोडायचा, दोन-तीन वर्षं वाढवायचा आणि मानाच्या पाहुण्यासाठी काढायचा. मी टाळ्या पिटायच्याच बाकी होत्या. म्हटलं, "मला तो धरताना पाहायचाय. नातवंडांना लिहीन."

हिराजीने कमळीबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाईंची गाडी उद्या दोनची."

"मग सकाळी धरू," हिराजी म्हणाला.

रविवार

सकाळी सातलाच तो तळ्यावर गेला. खांद्यावर पाग होता, म्हणजे गोल फेकायचं जाळं. पावसाने तळं काठोकाठ भरलेलं, मासा तळाशी जाऊन बसलेला. पाग पडायचा, ओढायचा, नुसतं शेवाळ आणि पानं यायची. मी काठावर दगडावर बसून प्रत्येक फेकीबरोबर उठत होते आणि बसत होते. साडेनऊला त्याने पाग गुंडाळला. "बांधावर जायला हवं," म्हणाला.

मी घरी येऊन पिशवी भरली, लुगडं बदललं आणि ओटीवर तयार होऊन बसले. कमळीबाई आत भाकऱ्या थापत होती. खरं तर त्या वेळी तिने हिराजीबरोबर कोपऱ्यावर असायचं. पण पाहुणी बाराच्या आत जेवायला हवी होती, मग चूल कोण सांभाळणार? तिच्या जागी आये जाणार असं ठरलं होतं. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या वेळी कोणी काही बोललं नाही आणि मीही विचारलं नाही.

अकराच्या सुमाराला हिराजी पेंढ्याचा भारा न्यायला घरी आला. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, "मग जिताडा राहिलाच म्हणायचा."

मुलांनो, मी हे हसत म्हटलं होतं. वर्गात एखाद्या मुलीला कविता म्हणायची राहिली तर मी असंच म्हणत असे. पण त्यांच्या घरात पाहुण्याने असं म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर ताट परत करणं. हिराजी भारा डोक्यावर घेत होता. तो त्याने खाली ठेवला.

"आये," तो ओटीकडे वळून म्हणाला, "तू हो पुढं. कोपऱ्यावर उभी ऱ्हा. मी आलोच."

"जा, जा," आये म्हणाली. "पावनी उपाशी जाईल काय?" आणि काठी टेकत बांधाकडे निघाली.

तिसऱ्या फेकीला पागात जड काहीतरी आलं. जिताडा माझ्या हाताएवढा लांब होता, पाठ हिरवट-काळी, पोट चांदीचं, आणि डोळे उन्हात तांबडे चमकत होते. मला इतका आनंद झाला की मी वही काढून तिथेच त्याचे खवले कसे बसलेत ते लिहू लागले. त्या पानावर अजून त्याच्या शेपटीने उडवलेलं पाणी आहे. मी अर्ध्या वाक्यात असताना बांधाकडून ओरडा आला.

"खांड! खांड गेली! उघाडीवर खांड गेली!"

हिराजीने हातातला पाग सोडला आणि धावला. कमळीबाई पिठाच्या हातांनी धावली. मी चपला तिथेच टाकून त्यांच्यामागे गेले, आणि या वेळी मी पडले नाही.

बीळ आयेपासून तीन पावलांवर होतं. धार लागली ती तिला दिसली नाही. पाणी वाजायला लागल्यावर तिला ऐकू आलं. पेंढ्याचा भारा घरीच राहिलेला. तेव्हा ती म्हातारी त्या भगदाडात पाठ लावून बसली. शेजारच्या वाट्यावरच्या माणसांनी पोहोचून तिला ओढून काढलं, तेव्हा ती छातीपर्यंत पाण्यात होती आणि "मला काढू नका, माती टाका, माती टाका" म्हणत होती. तिला काढलं आणि बांध बैलगाडीच्या रुंदीएवढा खचला.

माझी कल्पना होती की असं काही झालं की गर्जना होत असेल. तसं काही नव्हतं. तपकिरी पाणी गुळगुळीत आत येत होतं, एका खाचरातून दुसऱ्यात, जणू वाट माहीत असल्यासारखं. पुरुष कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून खांब ठोकत होते, ते वाहून जात होते. तासाभराने भरती थांबली. तेव्हा अकरा घरांची जमीन पाण्याखाली होती. लोंब्या पाण्यावर तशाच डुलत होत्या, हिरव्यागार. वरून पाहणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटलंच नसतं. मी कमळीबाईला म्हटलंसुद्धा, "ओहोटीला पाणी उतरेल ना? मग वाचेल."

तिने वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकलं. मग म्हणाली, "नाय बाई."

दोनची गाडी गेली. तिची आठवण कोणाला नव्हती.

दिवेलागणीच्या आधी देवळासमोर गावकी बसली. मी जायचं ठरवलं. मी मनाशी वाक्यंही जुळवली होती: हा माणूस माझ्या हट्टापायी तळ्यावर होता, दोष माझा आहे. आयेने ओल्या अंगावर घोंगडी घेतली होती, दात वाजत होते. मी चपला शोधते आहे हे तिने आवाजावरून ओळखलं.

"येतेस तर ये. पन बोलू नको."

"आये, चूक माझी आहे. मी सांगितलं तर ते हिराजीला कमी बोलतील."

"पावन्याला पुढं करून आमचं घर कवा वाचलं नाय. उद्या लोक म्हनतील, घरी जेवलेल्या पावनीचं नाव गावकीत घेतलंन. मग आमी तोंड कुठं दावायचं? तू बस. बघ. बोलू नको."

मी देवळाच्या पायरीवर बायकांत बसले. म्हाताऱ्या पंचाने विचारलं, "हिराजी, उधानाला तू कुठं व्हतास?"

"तळ्यावर."

"तळ्यावर काय व्हतं?"

हिराजी खाली पाहत राहिला. ज्याची चार खाचरं गेली होती तो एक जण म्हणाला, "उघाडीवाल्याला मासं मारायची हौस आली व्हती!" दोघं-तिघं हसले, पण ते हसणं लगेच विरलं. तळ्यावर काय होतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी पाच हातांवर बसले होते. एकाही माणसाने माझ्याकडे मान वळवली नाही. इतक्या वर्षांत इतक्या सभांना बसले, पण असं सभ्य वागणं मी पाहिलं नाही, आणि ते मला सहन होत नव्हतं.

आये उठली. "कोपऱ्यावर मी व्हती. माझे डोळे गेलेत. मला दिसलं नाय. काय बोलायचं ते मला बोला."

"आये, तू बस," पंच म्हणाला. आवाज कडक नव्हता. "आंधळ्या मानसाला पाळीवर कोनी उभं केलं, ते आमी इचारतो."

मी उठायला गेले. कमळीबाईचा हात माझ्या गुडघ्यावर पडला आणि तसाच राहिला, दगडासारखा जड.

हिराजी म्हणाला, "मी केलं."

मग फार वेळ लागला नाही. खांड सगळ्या गावाने मिळून बुजवायची. आणि उघाडी यापुढे दुसऱ्या घराकडे. हिराजी घरी गेला. दाराशेजारच्या खुंटीवरून उघाडीचा दोर घेऊन आला. नारळाच्या काथ्याचा, हातांनी घासून काळा झालेला जाड दोर. त्याने तो नीट वेटोळं करून पंचापुढे ठेवला. वेटोळ्याचं एक टोक बाहेर आलं होतं, ते त्याने वाकून पुन्हा आत खोचलं. तेवढं करून तो घरी निघून गेला.

रात्री कमळीबाईने मला पान वाढलं. त्यावर जिताड्याचं कालवण होतं. तो पागातच अडकून राहिला होता, कोणीतरी आणून दिला. घरातल्या बाकीच्यांनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेतला होता. मी म्हटलं, "मला नको, कमळीबाई." ती पानासमोर तशीच उभी राहिली. तेव्हा मला कळलं की हे मी नाकारलं तर आज त्यांनी जे काही गमावलं ते कशासाठी गमावलं, हेही त्यांच्याकडे उरणार नाही. मी सगळं खाल्लं. चव कशी होती ते मला सांगता येणार नाही.

सोमवार

सकाळी ओहोटीला सगळं गाव खांडीवर होतं. पुरुष चिखल खणत होते, बायका पाट्यांनी वाहत होत्या. मी पदर खोचला आणि रांगेत उभी राहिले. समोरच्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि पाटी माझ्या डोक्यावर दिली. मी ती नेली, ओतली, परत आले. दुसरी नेली. तिसरीला माझी मान दुखू लागली आणि मला बरं वाटू लागलं. कमळीबाईने मला पाहिलं आणि येऊन चौथी पाटी माझ्या हातातून घेतली.

"बाई, नको."

"मला करू दे. एवढं तरी करू दे."

"तुमी पावन्या हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. थोडा तरी असता तर बरं झालं असतं.

मग मी बांधावर बसून राहिले. पाणी उतरलं होतं. माझं खाचर समोर होतं. कालच्या लोंब्या उभ्याच होत्या, पण पात्यांची टोकं एका रात्रीत पिवळी पडून वळली होती, जशी आच लागल्यावर वळतात. हिराजी खांडीत उभा राहून माती दाबत होता. त्याच्या शेजारी ज्याच्याकडे उघाडी गेली तो माणूस होता. दोघांनी मिळून दार उचललं, खाचेत बसवलं. हिराजी त्याला बोटाने काहीतरी दाखवत होता. दार कुठे अडकतं, कुठे सैल आहे, ते सांगत असावा. तो माणूस मान हलवत ऐकत होता.

दुपारच्या गाडीसाठी मी निघाले. आयेला ताप भरला होता. ती ओटीवर घोंगडीत पडून होती. मी तिच्या उशाशी बसले. मी म्हटलं, "आये, मला माफ करा."

तिने ते ऐकलं न ऐकलंसं केलं. माझं मनगट शोधून धरलं आणि विचारलं, "परत कवा येशील?"

त्यांच्याकडे असं विचारल्याशिवाय पाहुण्याला उठू देत नाहीत, आणि पाहुण्याने दिवस सांगितल्याशिवाय उठायचं नसतं. जन्मभर दुसऱ्यांना तारखा नेमून देणारी मी, माझ्या तोंडून एकही दिवस निघेना.

आयेने वाट पाहिली. मग म्हणाली, "आष्टमीला ये. आष्टमीला भांग असतो, पानी चढत नाय. बांधावर कोनाचं काम नसतं. घरातली सगळी मानसं घरात असतात. तवा ये. बसून बोलू."

मी "हो" म्हटलं. दोन दिवसांत मला त्या घरात कोणी जे बोललं नव्हतं, ते सगळं त्यात होतं, आणि तरीही ते निमंत्रणच होतं. कमळीबाई पिशवी डोक्यावर घेऊन अंगणात उभी होती. वडापर्यंत ती माझ्या पुढे चालत राहिली. गाडी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "सावकाश चढा, बाई."

कमळीबाई अजून ठाण्याला आलेली नाही. विकायला आणेल असं तिच्याकडे काही नाही. हिराजी मिठागरावर कामाला जातो आहे असं तिच्या गावच्या एका भाजीवालीकडून कळलं. तुम्ही दिवाळीला याल तेव्हा घरात राता तांदूळ नसेल, आणि त्याच्या पुढच्या दोन्ही वर्षी नसेल. का नसेल ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. यात तुमचा काहीएक दोष नाही. मीराने प्रश्न विचारला, तो चांगला होता. अजून विचारत जा.

पहिली अष्टमी आठवड्यातच येऊन गेली. मला जाववलं नाही. दुसरी परवा आहे. सकाळच्या गाडीचं मी ठरवलं आहे आणि या वेळी कार्ड टाकलेलं नाही. आयेसाठी गरम धाबळी घेतली आहे. हिराजीसाठी काय न्यावं याचा कालपासून विचार करते आहे. बाजारातून दोन चकरा मारून आले. घरातलं कपाट उघडून पाहिलं. काही सापडलेलं नाही.